नाणं लेकराचं, हात बापाचा

लेकराच्या भविष्यासाठी घेतलेलं सोन्याचं नाणं त्या लेकराच्या हाती पडत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर माझी सारी नोकरी झाली. तिथे बसून दर पावसाळ्यात मी हेच पाहिलं. म्हणून धनत्रयोदशीला 'मुलांच्या उज्ज्वल भविष्याची गुंतवणूक' असा फलक लावून ग्रॅम-ग्रॅमची नाणी विकणाऱ्यांचा मला राग येतो. ती नाणी थाटात घेऊन पुढच्या धानाच्या रोवणीला मोडणाऱ्या बापांचा त्याहून जास्त येतो.

सोनं घेणं म्हणजे अडाणीपणा, असं म्हणणाऱ्या शहरी सल्लागारांच्या पंगतीत मला बसायचं नाही. त्यांनी एकदा धानाच्या मापाने सोनं मोजून पाहावं. २००० साली दहा ग्रॅम सोनं साधारण ४,४०० रुपयांना होतं आणि साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला ५१० रुपये. साडेआठ-नऊ क्विंटल धान विकलं की दहा ग्रॅम सोनं घरात येत होतं. २०२५-२६ साठी हमीभाव २,३६९ रुपये ठरला, आणि सोन्याने त्याच वर्षी लाखाचा आकडा ओलांडला. त्या भावाने त्याच दहा ग्रॅमसाठी बेचाळीस क्विंटलहून जास्त धान मोजून द्यावं लागलं. पंचवीस वर्षांत धान पिकवणाऱ्याची मेहनत सोन्यापुढे एक पंचमांशावर आली. धानाच्या कोठारात राहणाऱ्या माणसाचा सोन्यावर विश्वास बसला, तो असा. त्याला कुणी अडाणी म्हणू नये.

पण भाववाढीचा हा फायदा सोनं सांभाळणाऱ्याला मिळतो. आपल्याकडे ते सांभाळतं कोण?

जून संपत आला की आमच्या टेबलासमोर रांग लागायची. आमगाव, सालेकसा, देवरीकडची माणसं. पऱ्हे तयार झालेले, रोवणी तोंडावर, बायांची मजुरी रोजच्या रोज द्यायची, खताचा दुकानदार मागची उधारी फिटल्याशिवाय पोतं उचलू देत नाही. पोथ, डोरलं, कानातले, अंगठी, जे असेल ते यायचं. त्यात नाणीही यायची. छोट्या प्लॅस्टिकच्या कार्डात बसवलेलं नाणं, एका अंगाला लक्ष्मी, दुसऱ्या अंगाला वजन आणि ९९९ चा आकडा. कार्डाच्या पाठीवर पुष्कळदा बॉलपेनने लेकराचं नाव आणि बारशाची तारीख लिहिलेली. ते कार्ड पोलक्यातल्या बटव्यातून काढून माय माझ्यापुढे ठेवायची आणि बाप दुसरीकडे पाहायचा.

दागिना असला की माझं काम सोपं असायचं. वजन करायचं, कसाच्या दगडावर घासायचं, आम्ल टाकून कस पाहायचा, पावती फाडायची. नाणं आलं की मला नकारार्थी मान हलवावी लागे. "बाई, नाण्यावर कर्ज नाही भेटत." हा नियम माझा नव्हता. आमच्या संस्थेत नाणं बसतच नव्हतं, आणि बँकाही आजवर त्यांनी स्वतः विकलेल्या खास नाण्यांवर, तेही पन्नास ग्रॅमच्या आतच, कर्ज देत आल्या. रिझर्व्ह बँकेचे २०२५ चे नवे निर्देश पाहा. दागिन्यांना एक किलोपर्यंतची मर्यादा, नाण्यांना पन्नास ग्रॅमच. नाणं विकताना दुकानदार सांगतो की अडीअडचणीला हे कधीही कामी येतं. अडचण येते तेव्हा बँकेच्या खिडकीवर त्याच नाण्याला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जातात.

मग ते नाणं जायचं सोनाराकडे किंवा सावकाराकडे. सोनाराचा पहिला प्रश्न, "बिल है क्या?" बिल धनत्रयोदशीच्या गर्दीत घेतलेलंच नसतं, नाहीतर कर वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार झालेला असतो. सोनार कात्री घेतो आणि कार्ड कापतो. लेकराचं नाव असलेला अर्धा तुकडा टेबलाखालच्या डब्यात पडतो, नाणं काट्यावर जातं, घट कापली जाते, आणि हातात जी रक्कम येते ती विकत घेतल्याच्या किमतीशी ताडून पाहायची हिंमत कुणाला होत नाही.

मी ताडून पाहतो, कारण हे कुणीतरी करायलाच हवं. समजा सोन्याचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये आहे. एक ग्रॅमच्या नाण्यावर घडणावळ, वेष्टण आणि दुकानाचा नफा मिळून पाच टक्के धरा, म्हणजे ६०० रुपये. त्यावर तीन टक्के जीएसटी, ३७८ रुपये. नाणं पडलं १२,९७८ ला. पायरी उतरून लगेच परत चढलात आणि तेच नाणं विकायला काढलंत, तर दोन टक्के घट धरून हाती ११,७६० येतील. सव्वा हजाराच्या आसपास रक्कम दारातच गेली. सोन्याचा भाव दहा टक्क्यांहून जास्त चढेल तेव्हा कुठे तुमचं मुद्दल तुम्हाला परत मिळणार. दहा वर्षं ठेवणाऱ्याला हा तोटा जाणवत नाही. आठ महिन्यांत मोडणाऱ्याला तो दरवर्षी नव्याने बसतो. आणि नाणं जितकं लहान, तितका ग्रॅममागचा वरखर्च मोठा. अर्ध्या ग्रॅमच्या आणि एका ग्रॅमच्या नाण्यांना सगळ्यात जास्त गिऱ्हाईक गरीब घरातलं, म्हणजे सगळ्यात महाग सोनं आपला गरीब माणूस घेतो.

बँकांचं वागणंही सांगून टाकतो. बँक नाणं विकते आणि परत घेत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना नाणी परत विकत घेण्याची मुभाच दिलेली नाही. जी संस्था तुमचा पैसा घेऊन वस्तू देते आणि ती वस्तू पुन्हा हातातही धरत नाही, तिच्या काचेमागच्या पेटीला मी गुंतवणुकीचं दुकान म्हणणार नाही. हॉलमार्कचं असंच. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा करायला सुरुवात झाली, पुढे जिल्हे वाढत गेले, १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. मूळ २०२० च्या आदेशात मात्र विटा, पत्रे, तारा यांच्याबरोबर नाणंही सक्तीच्या बाहेर ठेवलेलं. लेकराच्या नावाने घ्यायला लावली जाणारी वस्तूच कायद्याने सगळ्यात मोकळी सोडली. ९९९ हा आकडा छापायला साचा लागतो, परवाना विचारायला मात्र गिऱ्हाईकाने तोंड उघडावं लागतं, आणि आपलं गिऱ्हाईक सराफाच्या गादीसमोर तोंड उघडायला लाजतं.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: ही आपली परंपरा आहे. कोणाची? १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि विटा-बिस्किटं व नाण्यांच्या रूपात सोनं बाळगण्यावर त्याने बेड्या घातल्या. मधू दंडवते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये तो कायदा गेला. त्या सगळ्या काळात सामान्य घरातलं सोनं दागिन्याच्याच रूपात राहिलं. आमच्या भागातल्या, झाडीपट्टीतल्या आज्यांच्या अंगावर तर सोन्यापेक्षा चांदीच जास्त होती. धनत्रयोदशीला लेकराच्या नावाने प्लॅस्टिकच्या कार्डातलं नाणं घेणं ही गेल्या दोन-तीन दशकांत दुकानदारांनी आणि बँकांनी लावलेली सवय आहे. सवय वाईट असतेच असं नाही. पण तिला धर्माचा मुलामा देऊन ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला शरमिंदा करणं नीच आहे.

आणि त्याच्या खिशात पैसे का नसतात? दिवाळीच्या तोंडावर हलका धान कापून होतो. सरकारी खरेदी केंद्र अजून उघडलेलं नसतं. मार्केटिंग फेडरेशनचं केंद्र असो की आदिवासी विकास महामंडळाचं, कधी गोदाम नाही, कधी बारदाना नाही, कधी नोंदणीचं संकेतस्थळ चालत नाही. घरात सण, लेकरांना कपडे, पुढे गावची मंडई म्हणजे जत्रा, पाहुणे. शेतकरी खाजगी व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली धान घालतो. क्विंटलमागे ३०० रुपये जरी कमी मिळाले तरी दहा क्विंटलमागे तीन हजार गेले. त्या पडक्या भावाच्या पैशातून तो वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी, भाव करण्याची सोय नसताना, एक ग्रॅमचं नाणं घेतो. स्वतःचा माल पाडून विकायचा आणि दुसऱ्याचा माल चढ्या दराने घ्यायचा, तोही एकाच आठवड्यात! ज्याने केंद्रावर धान घातला, त्याचे चुकारे महिनोन्‌महिने अडकतात. चुकारे वेळेवर आले असते तर जूनमध्ये ती माय माझ्या टेबलापुढे आलीच नसती. लेकराचं नाणं मोडणाऱ्या हातांत बापाच्या हाताबरोबर सरकारचा हातही आहे, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. शेतकऱ्याला 'बचत करा' म्हणून शिकवायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी त्याचे चुकारे आठवड्यात खात्यावर टाकून दाखवावेत.

सरकारचा दुसरा अपराध याहून शांतपणे झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने एकाच दिवशी ज्या गोष्टी आणल्या, त्यांतल्या दोन पाहा. एक, अशोकचक्राचं नाणं. दुसरी, सुवर्ण रोखे. नंतरच्या टप्प्यांत रोखा एक ग्रॅमपासून मिळायचा, पोस्टातही मिळायचा, पालकाला अज्ञान लेकराच्या नावावर घेता यायचा, वर अडीच टक्के व्याज, आठ वर्षांनी सोन्याच्या त्या वेळच्या भावाने पैसे. घडणावळ नाही, घट नाही, चोरीची भीती नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदावर लेकराचं नाव. माझ्या टेबलापुढे बसलेल्या एकाही माणसाच्या तोंडून मी या रोख्याचं नाव ऐकलं नाही. गावागावात पोचवण्यासारखी हीच गोष्ट होती, आणि ती शहरातल्या शिकल्या-सवरल्यांनी उचलली. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघालेच नाहीत. सोन्याचा भाव चढला, सरकारला देणं महाग वाटायला लागलं, आणि गरिबाला नावानिशी सोनं देणारी सरकारी खिडकी बंद झाली. नाण्यांच्या जाहिराती मात्र जोरात चालू आहेत.

आता बापांकडे येतो.

अज्ञान मुलाच्या नावावर जमीन असेल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे ती विकायला किंवा गहाण टाकायला बापाला कोर्टाची परवानगी लागते. सोन्याला असलं काही नाही. नाण्यावर नाव नसतं, बिलावर बापाचं असतं, चावी आजीच्या नाहीतर बापाच्या कमरेला. कार्डावर बॉलपेनने लिहिलेल्या नावाला कोणतंही कोर्ट विचारत नाही. ज्या वस्तूवर लेकराचा हक्क कुठेच नोंदलेला नाही, ती लेकराची आहे असं आपण त्याला वीस वर्षं सांगत राहतो. सालेकशाकडची एक बाई मला आठवते. नवऱ्याबरोबर, पोरीच्या नावची दोन नाणी घेऊन आली होती. मला वाटलं रोवणीसाठी. विचारलं तर म्हणाली, मुलाला नागपूरला कोचिंगला टाकायचं आहे. पोरगी बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणत होती, आणि टेबलाच्या कडेला उभी राहून सगळं ऐकत होती. "तिचे पाहू मंग," बाप म्हणाला. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पोरीच्या नावचं सोनं मुलाच्या फीला मोडतं. मुलाच्या नावचं सोनं पोरीच्या फीला मोडलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि जे सोनं मोडत नाही, ते लग्नात तिच्या अंगावर चढतं. मग काही वर्षांनी तलाठ्याकडे फेरफार करायची वेळ येते आणि भाऊ कागद पुढे करतो. हक्कसोडपत्र. "तुला सोनं दिलं ना लग्नात." महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हक्क दिला, २००५ मध्ये तो सगळ्या देशात आला. मामा (माजी मालगुजारी) तलावाखालच्या ओलिताच्या बांध्यांत तिचा भावाइतकाच हिस्सा आहे. त्या हिश्श्याच्या बदल्यात तिला मिळालेलं सोनं किती, तर बारशाला घेतलेली दोन-चार ग्रॅमची नाणी आणि सासरी पोचताच कपाटात गेलेली पोथ. पोरीसाठी सोन्याचं नाणं घेणाऱ्या बापाची माया खरी असते, मी ती पाहिली आहे. पण तिच्या वाट्याची बांधी वाचवायला तेच नाणं वापरलं जाणार असेल, तर त्या मायेचा हिशेब मांडायलाच पाहिजे. सोनं दिलं म्हणून जमिनीवरचा हक्क संपत नाही. सही करणाऱ्या पोरीला हे कुणी सांगत नाही, म्हणून मी इथे लिहितो.

लोक मला विचारतात, मग करायचं काय? मी सोन्यावर बंदी घाला म्हणत नाही. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर आधी पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडा. २०१५ पासूनची योजना आहे, २०२५ मध्ये व्याज ८.२ टक्के होतं, वर्षाला २५० रुपयांपासून भरता येतात, अठरा झाली की खातं तिचं तिला चालवता येतं आणि शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. गेल्या दहा वर्षांत सोन्याने सुकन्येला मागे टाकलं, हे मला मान्य आहे. पण मागे टाकलं ते मोडलं न गेलेल्या सोन्याने. २०१२ ते २०१८ या सहा वर्षांत सोन्याचा भाव एकतीस हजारांच्या आसपास सुरू होऊन खाली उतरला आणि फिरून तिथेच आला, तेवढ्यात साध्या धानाचा हमीभाव १,२५० वरून १,७५० झाला होता. लेकराची दहावी-बारावी सोन्याच्या भावासाठी थांबत नाही. सुकन्येचा मोठा गुण असा की रोवणीच्या दिवसांत बापाला ती मोडता येत नाही, सावकाराकडे टाकता येत नाही. याच कारणाने पुष्कळ बापांना ती आवडत नाही, हेही मी ऐकलं आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज भरा. टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार, त्यातले ७५ हजार तिला अठराव्या वर्षी मिळायचे आहेत. त्या पैशावर डोळा ठेवणारे काके-मामे आतापासूनच तयार होत असतील, त्यांना दारात उभं करू नका. मुलगा असेल तर त्याच्या नावाने पीपीएफ.

त्यानंतर हात मोकळा राहिला तर सोनं घ्या. पाच वेळा एकेक ग्रॅम घेण्यापेक्षा एकदाच पाच ग्रॅमचं घ्या. धनत्रयोदशीला घेऊ नका, चुकारे हाती आल्यावर घ्या. हॉलमार्क असलेलं नाणं मागा, पक्कं बिल मागा, बिलावर लेकराचं नाव लिहायला लावा आणि ते बिल लेकराच्या शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवा. सोनाराने नाक मुरडलं तर दुसऱ्या दुकानात जा, गोंदियाच्या सराफ्यात दुकानांचा तुटवडा नाही. नाणं घरात आणलं की लेकराला दाखवा, वजन सांगा, भाव सांगा. आणि कधी मोडायचीच वेळ आली, तर त्याला किंवा तिला समोर बसवून विचारा. दहा वर्षांच्या पोराला शेतातलं कर्ज समजतं, त्याला विश्वासात घ्यायला काय हरकत आहे? विचारून मोडलेल्या नाण्याची रक्कम वहीत मांडा आणि धान विकला की पहिल्यांदा ती भरा, खतवाल्याच्या आधी.

नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्या त्या पोरीच्या बापाला मी त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, की भाऊ, मुलाच्या नावची नाणी कुठे आहेत. ती घरीच होती.